रुंद चवडा, बारीक टाच आणि पाणी न शिरणारे ट्रेकिंग बूट - कुणाला जमलंय का?

रानभूल
मंडळी, आधी जुने धागे उकरून वाचले, पण तिथे सगळ्यांचे पाय शहाण्यासारखे आहेत असं दिसतंय. माझे नाहीत. चवडा बदकासारखा पसरट, टाच निमुळती, जिथे लेस बांधतो तिथे पाय वरून उंच, आणि डावा पाय उजव्यापेक्षा मोठा. भरीला डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर यायला लागलंय.

आत्तापर्यंत तीन जोड झाले. पहिला नेहमीच्या नंबरचा, यूके ८.५, तो करंगळीला इतका चावला की दुसऱ्या दिवशी चपलेतही पाय घालवेना. मग ९.५ घेतला, तोही चावला, मग १०.५. त्यात चवडा कसाबसा मावला पण टाच आत वर-खाली, आणि उतार लागला की अख्खा पाय पुढे सरकून अंगठे बुटाच्या नाकावर आपटायचे. दोन्ही नखं काळीनिळी, डावं तर गळूनच पडलं आणि पुरतं परत यायला वर्ष गेलं. शिवाय हा वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला, तर ओढ्यात घोट्याच्या वरपर्यंत बुडाला, आत पाणी गेलं, आणि मग ते पाणी दोन दिवस बाहेर यायचं नाव घेईना. आतलं बाहेर जाऊ देत नाही या अर्थी वॉटरप्रूफ होता म्हणायचा.

नवीन जोड घ्यायचाय आणि आता चौथ्यांदा तोंडावर आपटायचं नाही. असे वेडेवाकडे पाय असलेल्यांनी काय केलं ते सांगा.

पायपीट
वाचनखूण साठवलीये. माझी तऱ्हा उलटी, पाय इतके काडीसारखे की बूट आवळला तर लेसच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. तरी वाचतोय.

डोंगरवेडी
अय्या, हे तर माझंच वर्णन, फक्त माझं हाड दोन्ही अंगठ्यांना. चांगलं दुकान वगैरे नंतर, आधी पाय नीट मोजून घे रे बाबा. मी दहा वर्षं शाळेच्या शेवटच्या वर्षी मोजलेल्या नंबरवर बूट घेत होते. वयाबरोबर पाय पसरतो, बाळंतपणानंतर तर बऱ्याच जणींचा अर्धा नंबर वाढतो आणि तो परत कमी होत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फर्मा_क्रमांक_९
काही वर्षं बूट बसवून द्यायच्या कामात काढलीत, तेव्हा जरा लांब लिहितो.

रानभूल, तुम्ही जे केलंत ते दहातले आठ जण करतात, रुंदी कमी पडली की लांबी वाढवायची. यात गोची अशी की यूकेचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिमी. लांबी साडेआठ वाढते तेव्हा रुंदी जेमतेम दोन-तीन मिमी वाढते. म्हणजे तुम्ही दोन नंबर वर गेलात, सतरा मिमी लांबी फुकट विकत घेतलीत आणि रुंदी मिळाली चार-पाच मिमी. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बूट एका ठरलेल्या जागी वाकतो, आणि ती जागा बोटांच्या मुळाशी, म्हणजे चवड्याचा सगळ्यात रुंद भाग जिथे असतो तिथे आली पाहिजे. लांब बुटात ती जागा सेंटीमीटरभर पुढे सरकते. पाय एकीकडे वाकतो, बूट दुसरीकडे, आणि या ओढाताणीत टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते. म्हणजे टाच निसटते ती नुसती टाच बारीक आहे म्हणून नाही. बूट चुकीच्या जागी वाकतोय म्हणूनही.

म्हणूनच जुन्या चांगल्या फिटर लोकांकडे ते धातूचं मोजमापाचं यंत्र असायचं ना, ब्रॅनॉकचं, १९२० च्या दशकात आलेलं आणि आजही तसंच्या तसं चालतंय, त्यात तीन मापं घेतात: टाच ते बोटाचं टोक, टाच ते चवड्याचा सांधा, आणि रुंदी. पहिल्या दोन मापांतून वेगवेगळा नंबर निघाला तर मोठा धरायचा. बोटं आखूड आणि त्यामागचं पाऊल लांब असलेली माणसं नेमकी इथेच फसतात, कारण घरी कोणीही फक्त टोकापर्यंतच मोजतं.

यंत्र नसेल तर कागद-पेन्सिल पुरे, कागदावर पाय ठेवून त्याची आकृती काढायची. संध्याकाळी मोजा, दिवसभराने पाय सुजलेला असतो आणि ट्रेकवर तो तसाच असणारे. ज्या मोज्यांत चालणार ते घालून, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. पेन्सिल अगदी सरळ उभी धरायची, आत कलली की माप लहान येतं. दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, स्वतः वाकलं की वजन पुढे जातं. मग चवड्याभोवती टेप गुंडाळून घेर घ्या. आणि नवीन बूट बघण्याआधी जुन्या बुटाचा इनसोल बाहेर काढून त्या आकृतीवर ठेवा. काय दिसतं ते इथे येऊन सांगा.

अनवाणी
मी जरा विरोधी सूर लावतो, हलकं घ्या. आधी वॉटरप्रूफ हवाच कशाला ते ठरवा. पाणी वरून आत जातं, कापडातून नव्हे. एकदा बुटाच्या गळ्यातून गेलं की वॉटरप्रूफ बूट म्हणजे पायाला बांधलेली बादली. मी जाळीचे हलके शूज वापरतो, ओढ्यात सरळ उतरतो, बाहेर येऊन अर्धा तास चाललं की बरंचसं पाणी पिळून निघतं. आणि जाळीचा शूज रुंद पायाला पसरून जागा देतो, आत वॉटरप्रूफ पडदा असलेला, पडदावाला बूट देत नाही.

घोटाभर_चिखल
अनवाणीशी अर्धा सहमत. उकाड्यात आणि दमट हवेत तो पडदा कामच करत नाही, कारण वाफ बाहेर जायला आत-बाहेर फरक लागतो, बाहेरच हवा पाण्याने भरलेली असेल तर घाम जाणार कुठे. पण थंडीत, ओल्या गवतात, बर्फाच्या चिखलात दिवसभर चालायचं तर ओला पाय म्हणजे गारठलेला पाय, आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीला फोड लवकर येतात. तिथे मी पडदावालाच घालतो.

अवांतर: हा पडदा, म्हणजे गोअर-टेक्स, सापडला त्याची गोष्ट मजेदार आहे. बॉब गोअर १९६९ साली टेफ्लॉनचे तापवलेले दांडे हळूहळू, जपून ताणून बघत होता, ते दर वेळी तुटायचे. शेवटी वैतागून एक जोरात हिसडला, आणि तो तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणला गेला. त्या ताणण्यात जी सूक्ष्म भोकं पडली त्यातून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. बुटात हा पडदा मोज्यासारखा आतून शिवलेला असतो. आणि हे लक्षात ठेवा, तो फक्त जीभ जिथपर्यंत बाजूला जोडलेली आहे तिथपर्यंतच पाणी अडवतो. बूट बघताना लेस सैल करून जीभ बाहेर ओढा आणि बाजूची घडी किती वर जाते बघा. काही बुटांत ती लेसच्या दुसऱ्या-तिसऱ्या भोकाशीच संपते. मग गळा कितीही उंच असू दे, उपयोग नाही.

रानभूल
काल रात्री मोजलं. बायकोने पेन्सिल धरली, मला गुदगुल्या, पहिला कागद वाया. दुसऱ्यावर जमलं.

डावा: लांबी २६८, रुंदी ११०, घेर २७१. उजवा: २६२, १०८, २६८. सगळं मिमी.

आणि १०.५ चा इनसोल आकृतीवर ठेवला तर मी बघतच राहिलो. पुढे अंगठ्याच्या पलीकडे दोन बोटांहून जास्त मोकळी जागा, आणि बाजूला करंगळीच्या मुळाशी पाय इनसोलच्या बाहेर. तेही थोडंथोडकं नाही, पेन्सिलीची जाडी मावेल एवढं. म्हणजे इतका लांब बूट घेऊनही माझा पाय त्याच्या काठावरून बाहेर लोंबत होता आणि मी 'बसतोय, बसतोय' करत चालत होतो. इनसोलवर चवड्याचा खड्डा पडलाय तोही बघितला, तो बूट वाकतो त्या सुरकुतीच्या चांगला मागे आहे. फर्मासाहेब, तुम्ही म्हणालात तेच.

पायपीट
'काठावरून बाहेर लोंबत' 😂 गच्चीच्या कठड्यावर बसल्यासारखा पाय.

फर्मा_क्रमांक_९
झकास मोजलंत. २६८ ला ११० म्हणजे पाय रुंदच आहे, तुमचा भ्रम नव्हता. लांबीला ८.५ बरोबरच होता, ट्रेकिंगला अर्धा वाढवून ९ धरा, पण रुंद साच्यात (साचा म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट बेततात तो). नेहमी मोठ्या पायाला बसवायचं, लहान पायाला आत भर घालता येते, मोठा पाय तासता येत नाही.

आता अक्षरांबद्दल, कारण लोक इथे हमखास गोंधळतात. अमेरिकन पद्धतीत पुरुषांना डी म्हणजे साधा, २ई रुंद, ४ई जास्त रुंद. बायकांना बी साधा आणि डी रुंद. म्हणजे एकच डी, एकीकडे साधा आणि दुसरीकडे रुंद. आणि अक्षर म्हणजे ठरावीक मिलिमीटर नव्हे, नंबर वाढला की त्याच अक्षराची रुंदीही वाढते. बऱ्याच युरोपी बुटांवर अक्षरच नसतं. सैनिकी आणि स्कीच्या बुटांत मॉन्डोपॉइंट नावाची पद्धत आहे, त्यात पायाचंच माप लिहितात, मिमी किंवा सेंमीत. सैनिकी बुटांवर तर लांबी आणि रुंदी दोन्ही, म्हणजे तुम्ही झालात २७०/११०. सगळ्यांनी तेच केलं असतं तर हा धागा निघाला नसता.

शोधायला कुठून सुरुवात करायची तर लोवा कंपनीच्या रेनेगेड बुटात रुंद आणि अरुंद असे दोन्ही साचे मिळतात (पायपीट, अरुंद तुमच्यासाठी). माइंडलची कम्फर्ट फिट मालिका पुढे रुंद आणि मागे आवळ आहे, तुमच्या वर्णनाच्या जवळची. हानवाग तर अंगठ्याच्या हाडासाठीच वेगळा साचा बनवतं, बनियन नावाने, त्यात हाडाच्या जागी शिवण येत नाही. कीन बोटांशी मोकळा असतो, पण काहींना टाचेत सैल वाटतो. अल्ट्राचा पुढचा आकार खऱ्या पायासारखा आहे, पण टाच आणि चवडा एकाच पातळीवर, सवय नसेल तर पोटऱ्या बोंबलतात, हळूहळू वापरायला लागायचं. नावं पाठ करू नका. एकाच कंपनीचे दोन बूट वेगळ्या साच्यावर असू शकतात आणि साचा मधेच बदलतातही.

डोंगरवेडी
हाडवाल्यांसाठी माझी भर. मोच्याकडे एक चिमट्यासारखं अवजार असतं, एका टोकाला गोळी आणि दुसऱ्या टोकाला कडी, त्याने बुटाचा तेवढाच भाग फुगवता येतो. माझ्या जुन्या जाड कातड्याच्या बुटात हाडाच्या जागी लिपस्टिकचा ठिपका आतून लावला, मोजा घातला, बूट घातला, बरोब्बर जागा कळली. रात्रभर चिमटा लावून ठेवला आणि पहाटे तिथे छोटासा फुगा. अजून चालतोय तो बूट. दिसायला जरा गरोदर दिसतो, ते असो.

पण हे अस्सल कातड्यालाच. सिंथेटिक ताणलं तरी दोन दिवसांत पूर्वपदावर. बुटाभोवती खाली जी जाड रबराची पट्टी असते ती अजिबात ताणली जात नाही, आणि नेमकी ती हाडाच्या उंचीवर आली तर तो बूट परत ठेवायचा. आतला पडदाही फारसा ताणत नाही, शिवणीतून सुटू शकतो. म्हणून वॉटरप्रूफ बूट 'घालून घालून सैल होईल' या आशेवर घेऊ नकोस. होत नाही. पायच चपटा होतो.

सपाटतळवा
एक प्रश्न, बाबांसाठी. वय ६८, शुगर आहे, रोज टेकडी चढतात. त्यांना सगळेच बूट 'छान बसतात' म्हणतात, आणि मग संध्याकाळी पायाला फोड दिसतो. त्यांनाही रुंद साचा बघू का?

फर्मा_क्रमांक_९
सपाटतळवा, इथे थांबा जरा. छान बसतात म्हणतात कारण त्यांना लागल्याचं कळतच नसेल. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होते आणि आवळ बूटही आरामदायी वाटतो, काहींना तर आवळच बरा वाटतो कारण तेवढा तरी जाणवतो. आधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा तपासून घ्या, बूट नंतर. आत्ताचा फोडही दाखवा, घरी फोडू नका. तोपर्यंत 'कसं वाटतंय' विचारून काहीही घेऊ नका, आकृती काढून इनसोलवर ठेवून डोळ्यांनी ठरवायचं. घालण्याआधी दर वेळी बुटात हात फिरवायचा, खडा, सुरकुती काही आहे का. आणि रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, स्वतःला दिसत नसेल तर आरसा किंवा तुम्ही.

सपाटतळवा
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच अपॉइंटमेंट घेतो. मनापासून आभार.

लेसपुराण
लेसबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. निम्म्या तक्रारी लेसनेच मिटतात, निदान पायाची वरची बाजू उंच असलेल्यांच्या तरी.

रानभूल, वर जिथे दाब येतो तिथे लेसची फुली घालायचीच नाही. त्या जागी दोन्ही लेसा आपापल्या बाजूने सरळ वरच्या भोकात न्यायच्या आणि मग परत फुली चालू. मधे खिडकीसारखी चौकट राहते, दाब गेला. पायाच्या वरची शीर दबून बोटं बधिर होतात ना, त्यावर हाच उपाय.

टाच धरून ठेवायला: घोट्याच्या वळणाशी, जिथे भोकं संपून हूक सुरू होतात, तिथे आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग साध्या गाठीला एकाऐवजी दोन वेढे द्यायचे. ती गाठ सरकत नाही. म्हणजे गाठीच्या खालचा भाग सैल ठेवता येतो आणि वरचा आवळ, एकाच बुटात दोन हिशोब. तुमच्यासारख्या पुढे रुंद मागे बारीक पायाला हे फार कामाचं. उतारापूर्वी थांबून परत बांधायचं, आळस करायचा नाही. मी आळस करून एक नख घालवलंय.

पायपीट
लेसपुराण, दोन वेढ्यांची गाठ आजच करून बघितली, माझ्या काडीपायांनाही चालली. मला वाटायचं लेस म्हणजे नुसती ओढायची.

रानभूल
अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

संध्याकाळी गेलो, स्वतःचे मोजे आणि कागदाची आकृती घेऊन. विक्रेत्याने आधी विचित्र नजरेने बघितलं, पण प्रत्येक बुटाचा इनसोल काढून द्यायला लागला तसा त्यालाही मजा वाटायला लागली. सहा जोड काढले. चार इनसोलवरच बाद, पाय बाहेर. मग लेस न बांधता पाय पुढे सारून टाचेमागे एक बोट जातं का बघितलं. उरलेल्या दोघांत वीस-वीस मिनिटं चाललो, लाकडी उतार होता त्यावर तोंड खाली करून उभा राहून पाय आपटला. एकात अंगठा टेकला. दुसऱ्यात टेकला नाही. ९ नंबर, रुंद साचा, कातड्याचा, पडदावाला. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मग लोक आकृती न काढताच तो घेतील आणि मला शिव्या देतील.

उजव्या पायाला त्यात जागा जास्त होते, तिथे इनसोलखाली पातळ फेल्टचा तुकडा कापून घातला. आठवडाभर घरातच घातले, चप्पल म्हणून, कारण मळला की परत घेत नाहीत. मग बादलीत घोट्यापर्यंत पाणी भरून पंधरा मिनिटं उभा राहिलो, आत वर्तमानपत्राची पट्टी घालून. पट्टी कोरडी.

परवा सात तास चालून आलो. करंगळी गप्प. नखं गुलाबी. उतारावर अंगठा शोधत होतो, म्हणजे आपटायची वाट बघत होतो, आपटलाच नाही. खिडकीवाली लेस दोन्ही पायांना. ओढा एकच लागला, तो अनवाणींचं स्मरण करून बूट काढून, गळ्यात अडकवून पार केला.

एकच भानगड. डाव्या घोट्याचं बाहेरचं हाड बुटाच्या वरच्या कडेला घासतंय. फोड नाही, पण लाल झालंय आणि दाबलं की दुखतं. उजव्याला काहीच नाही.

अनवाणी
गळ्यात अडकवून! मी म्हणतच होतो, बूट हा चालायचा नव्हे, वाहायचा प्रकार आहे. हलकं घ्या, नखं वाचली ते बरं झालं.

घोटाभर_चिखल
अभिनंदन. आता टिकवायचं बघा. चिखल वाळू द्यायचा नाही, धुवायचा. इनसोल काढून सावलीत वाळवायचे, आत वर्तमानपत्र कोंबून, ओलं झालं की बदलायचं. शेकोटीजवळ नाही, हीटरवर नाही, कातडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. वरून पाणी थेंब थेंब होऊन घसरायचं थांबलं आणि कातडं काळपट भिजायला लागलं की वरचा पाणी झटकणारा लेप परत द्यायचा. नाहीतर पडदा शाबूत असूनही वाफ बाहेर जात नाही आणि आपल्याला वाटतं बूट गळतोय.

आणि 'चांगले आहेत, जपून वापरू' म्हणून कपाटात ठेवू नका. बऱ्याच बुटांच्या सोलच्या आतला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो, तो हवेतल्या ओलाव्यानेच कुजतो, न वापरता जास्तच. माझा एक जोड सहा वर्षं खोक्यात होता, बाहेर काढून शंभर पावलं चाललो आणि सोल केकसारखा तुकडे होऊन मागे पडत आला.

लेसपुराण
घोट्यासाठी: डाव्या बुटाचा सगळ्यात वरचा हूक सोडून बांधून बघा, कडा थोडी बाहेर वळेल. काही बुटांत त्या वरच्या दोन हुकांना वरून खाली असं उलटं घालता येतं, वरच्यात आधी आणि मग खालच्यात येऊन गाठ, त्यानेही कड सैल पडते.

फर्मा_क्रमांक_९
लेसने नाही भागलं तर डाव्या इनसोलखाली फक्त टाचेला तीन-चार मिमीची चकती घाला. टाच तेवढी वर उचलली की घोट्याचं हाड कडेच्या वर येतं. बहुतेक तुमचं डावं हाड उजव्यापेक्षा खाली असणार, दोन्ही पाय सारखे मोजले तसं हेही मोजा, जमिनीपासून हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. चकती घातल्यावर मात्र टाच परत निसटत नाही ना ते बघा, पाय वर आला की मागची पकड थोडी कमी होते.

रानभूल
आत्ता मोजलं. उजवं ६९, डावं ६४. पाच मिमीचा फरक, आणि हा पाय एवढी वर्षं माझ्याच अंगाला आहे. फेल्ट उरलंय, बायको म्हणतेय कात्री जाग्यावर ठेव मग. आधी हूक सोडून बघतो, मग चकती.